साहित्य मंडळाचे अर्थकारण

साहित्य मंडळ म्हणजे आपले लेखन ऐकवता यावे म्हणून दुसऱ्याचे ऐकून घ्यायला राजी झालेल्या माणसांची संस्था. तालुक्याच्या गावी बहुधा असे एक मंडळ असते. गाव मोठे असेल तर दोन असतात, आणि दुसरे पहिल्यातून फुटून निघालेले असते.

या प्रकाराची परंपरा थोर आहे. 1923 साली पुण्यात रविकिरण मंडळ निघाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश आदी कवी रविवारी चहाला जमत आणि एकमेकांना कविता ऐकवत. त्यातून महाराष्ट्राला जाहीर काव्यगायनाची गोडी लागली आणि आचार्य अत्र्यांना ‘झेंडूची फुले’साठी कच्चा माल मिळाला. आजच्या मंडळांनी यातला चहा कसोशीने जपला आहे.

मासिक बैठक वाचनालयात किंवा प्राथमिक शाळेच्या वर्गात भरते. बाक चौथीच्या मापाचे असल्याने ज्येष्ठ कवी वाचायला उठले की बाकही उठतो. सरस्वतीच्या तसबिरीला हार घातल्यावर प्रास्ताविक होते. वेळ कमी असल्याने प्रत्येकाने एकच कविता वाचावी, हे त्यात वीस मिनिटे समजावून सांगितले जाते.

वाचकांचे प्रकार ठरलेले आहेत. गझलकार प्रत्येक ओळ दोनदा म्हणतो. दुसऱ्यांदा म्हणताना तो श्रोत्यांकडे वसुलीच्या नजरेने पाहतो. वृत्तबद्ध कवी इतरांच्या मात्रा बोटांवर मोजतो. चारोळीकाराच्या चार ओळी थोडक्यात आटोपतात, त्यांची पार्श्वभूमी मात्र आटोपत नाही. कथाकाराला शेवटी बोलावतात. त्याच्या हातातली उरलेली पाने श्रोते दुरूनच मोजत असतात.

मंडळाचे चलन म्हणजे दाद. ती उसनी मिळते आणि त्याच संध्याकाळी फेडावी लागते. आपली कविता वाचून ‘जरा पाहुणे यायचेत’ म्हणत सटकणारा हा कर्जबुडवा समजला जातो. पुढल्या खेपेला अनुभवी सूत्रसंचालक त्याचे नाव कथाकाराच्याही खाली टाकतो. टीका वर्ज्य नाही, पण तिची भाषा वेगळी आहे. ‘आशय चांगला आहे’ याचा अर्थ बाकी काही चांगले नाही, असा घ्यायचा असतो.

वार्षिक उपक्रमांत पावसाळी कविसंमेलन, मसाला दुधामुळे गर्दी खेचणारी कोजागरी आणि 27 फेब्रुवारीचा, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिवसाचा, मराठी भाषा गौरव दिन येतो. शिवाय दिवाळी अंक असतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही प्रथा सुरू केली, तिचा खर्च आता स्थानिक पतसंस्था सोसते. त्यामुळे प्रेमभंगाच्या कवितेशेजारीच मुदत ठेवीचे आकर्षक दर वाचायला मिळतात. कवितासंग्रह मात्र ज्याचा त्याने स्वखर्चाने काढायचा असतो. त्याच्या प्रती पुढे कित्येक वर्षे लग्नमुंजीत आहेर म्हणून खपतात.

मंडळ फुटते ते वाङ्मयीन मतभेदांमुळे नव्हे. निमंत्रणपत्रिकेवरचा नावांचा क्रम त्याला पुरतो. फुटीनंतर कवी दोन्हीकडे वाटले जातात आणि श्रोते दोन्हीकडे अपुरे पडतात. गावात काहीही न लिहिणारा जो एखादा माणूस उरलेला असतो, त्याचा भाव वधारतो आणि दोन्ही मंडळे त्याला शाल देतात. अखेर श्रोत्यांअभावी संयुक्त कोजागरी ठरते. तिला दोन अध्यक्ष असतात, दोन समारोप होतात आणि दूध गार होते.