बिनविरोध वेग

स्पर्धेत एक मोठी खोट आहे: तिच्यात कोणाला तरी हरावे लागते. शाळेतल्या धावण्याच्या शर्यतीपासून ग्रामपंचायतीपर्यंत या खोटीने आपले किती नुकसान केले आहे, ते वेगळे सांगायला नको. हरलेला रुसतो, फेरमोजणी मागतो, भाऊबंद एकमेकांच्या लग्नाला जायचे थांबतात. अशा परिस्थितीत एखादी कंपनी पुढे येते आणि आपला पराभव होऊच शकणार नाही अशी शर्यत भरवते, तेव्हा जबाबदार नागरिक म्हणून आपण तिची कृतज्ञतेने दखल घेतली पाहिजे. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या मोटारी एकमेकींविरुद्ध धावतात. पहिली येते ती त्या कंपनीची, दुसरी येते तीही तिचीच. शेवटची गाडीसुद्धा तिचीच असते, पण तिच्यामुळे कंपनीच्या लौकिकाला काडीचाही धक्का लागत नाही.

या विचाराला घराणे आहे. सत्तरच्या दशकात बीएमडब्ल्यूने शर्यतीसाठी एम-वन ही मोटार करायला घेतली. ज्या गटात ती उतरवायची होती, त्याच्या नियमाप्रमाणे आधी अशा चारशे गाड्या तयार होणे आवश्यक होते. बांधणीचे काम लॅम्बोर्गिनीकडे सोपवले होते आणि लॅम्बोर्गिनी त्या वेळी स्वतःच कर्जाच्या गाळात रुतलेली होती. गाड्या वेळेत होईनात. सामान्य कुवतीच्या माणसाने अशा वेळी गाड्या लवकर करण्याची खटपट केली असती. बीएमडब्ल्यूने शर्यतच नवी काढली. १९७९ आणि १९८० अशी दोन वर्षे मुख्यतः फॉर्म्युला वनच्या युरोपातल्या शर्यतींच्या जोडीने ‘प्रोकार’ मालिका झाली. तिच्यात उतरायला पात्र गाडी एकच होती, एम-वन. फॉर्म्युला वनच्या शुक्रवारच्या सरावात जे पाच जण सर्वांत वेगवान ठरत, त्यांना कंपनीच्या गाड्या मिळत आणि सुरुवातीच्या रांगेत पुढच्या जागाही मिळत. म्हणजे जे आधीच सर्वांच्या पुढे, त्यांनी पुढून निघायचे. आपल्याकडे हा नियम इतका अंगवळणी पडला आहे की तो कुठे लिहून ठेवावा लागत नाही. जर्मनांनी तो लिहून ठेवला, हा त्यांचा प्रामाणिकपणा. पहिल्या वर्षी निकी लाउडा विजेता ठरला, दुसऱ्या वर्षी नेल्सन पिके. बीएमडब्ल्यू दोन्ही वर्षी विजयी झाली.

आपल्या देशात ही कल्पना रुजवण्याचा मोठा मान चाकणला द्यावा लागेल. फोक्सवॅगनच्या तिथल्या कारखान्यातून २००९ च्या अखेरीस पोलो बाहेर पडू लागली आणि २०१० मध्ये पोलो कप सुरू झाला. २०१५ मध्ये व्हेंटो कप आला, २०१७ मध्ये अमिओ कप. मधल्या काळात टोयोटानेही इटिओसच्या शर्यती भरवल्या. खेळाची नावे सहसा मृत राजांवरून किंवा हयात मंत्र्यांवरून पडतात. इथे ती शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाडीवरून पडली, त्यामुळे प्रेक्षकाला जे टाळ्या वाजवून पाहिले ते हप्त्याने घेण्याची सोय झाली. इतकी लोकाभिमुख क्रीडासंस्कृती आपण यापूर्वी पाहिली नव्हती.

अशा मालिकेची व्यवस्था जवळून पाहण्यासारखी असते. गाडी कंपनीची, टायर कंपनीने ठरवलेले, मेकॅनिक कंपनीचे. इंजिनाला सील असते, म्हणजे कोणी रात्रीतून जादा ताकद काढण्याचा उद्योग करायला नको. आतले अस्तर, मागची बाके, एसी सगळे उपसून काढलेले. त्या जागी पोलादी नळ्यांचा पिंजरा वेल्ड केलेला आणि त्यात खोल बसवलेले एकच आसन. चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईचा साडेतीन किलोमीटरहून लांब ट्रॅक डोक्यावरच्या उन्हात तापलेला असतो. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा आगरोधक अंतर्वस्त्रे, त्यावर जाड सूट, तोंडावर कापडी आवरण, त्यावर हेल्मेट अशा थरांत बसून घाम निथळत असतो. शेजारच्याहून दोन मीटर उशिरा ब्रेक दाबता येईल का, एवढाच हिशेब त्याच्या डोक्यात चाललेला असतो. वळणावर आरसा आरशाला घासतो, मागच्याचा बंपर याच्या बंपरला लागतो, आणि तरी तो स्टिअरिंग सरळ धरतो. हे सोपे काम नाही. त्याच्या मालकीच्या वस्तू म्हणजे हेल्मेट, हातमोजे आणि हिंमत. बाकी सर्वांगावर, काचेच्या पट्टीपासून दारापर्यंत, कंपनीचे नाव. पूर्वी जाहिरातीत काम करणाऱ्याला मानधन द्यावे लागे. इथे तो मोसमाचे शुल्क भरून येतो. जाहिरातशास्त्राने इतकी मोठी झेप घेतली असताना आपण अजून क्रिकेटपटूंना कोट्यवधी रुपये देत बसलो आहोत, ही खेदाची गोष्ट आहे.

चाकण ज्या खेड तालुक्यात येते, तिथला जुना खेळ याच्याशी ताडून पाहावा. बैलगाडा घाटात प्रत्येक गाडामालकाचे बैल वेगळे, खुराक वेगळा, वळण वेगळे. बारी सुटते, भंडारा उधळतो आणि काही सेकंदांत निकाल लागतो. ज्याचे बैल मागे पडले, तो शेतकरी मान खाली घालून घरी जातो. वर्षभर खाऊ घातलेले वाया गेले म्हणून त्याला रात्री झोप लागत नाही. या खेळाला परवानगी मिळवण्यासाठी किती वर्षे न्यायालयात जावे लागले! २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींना मुभा देणारा कायदा मान्य केला तेव्हा कुठे तो निर्धास्त झाला. सगळे बैल एकाच गोठ्यातले आणता आले असते, तर मालकांमधली ही ईर्ष्या केव्हाच मिटली असती.

अमिओविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण तिच्यात आपल्या राष्ट्रीय चारित्र्याचे सार आहे. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि ठरावीक मर्यादेपर्यंतच्या इंजिनाच्या मोटारींना आपल्या सरकारने करात सवलत दिली. मग मोटारींच्या लांबीचा निर्णय अभियंते आणि अर्थखाते मिळून करू लागले. अमिओ खास भारतासाठी घडवली गेली. तिची लांबी ३,९९५ मिलिमीटर. पुढचा बंपर थोडा आत घेतला, मागची डिकी आखूड केली आणि पाच मिलिमीटर सरकारी कृपेसाठी मोकळे सोडले. कराच्या फुटपट्टीने कातरलेली डिकी घेऊन कोणी शर्यतीत उतरेल, असे मोटारशर्यतीच्या आद्यपुरुषांना स्वप्नातही वाटले नसेल. दुकानात मिळणाऱ्या पेट्रोल अमिओला तीन सिलिंडरचे, सुमारे ७५ अश्वशक्तीचे इंजिन होते. शर्यतीच्या अमिओला १.८ लिटरचे, २०५ अश्वशक्तीचे. काही संशयी मंडळी याला विसंगती म्हणतील. आम्ही त्याला विश्वास म्हणू. ग्राहकाने रविवारी जी गाडी पाहिली तिची १३० अश्वशक्ती घरी आणताना कुठे गेली, हे न विचारण्याइतका तो सुजाण आहे, हा विश्वास. शिवाय करसवलत मिळवण्यापुरते इंजिन लहान असावे आणि टाळ्या मिळवण्यापुरते मोठे, हा समतोल साधायला धोरणी माणसे लागतात. २०२० मध्ये अमिओची विक्री थांबली. तिने शर्यत कधीच गमावली नव्हती. ग्राहकच तेवढे मागे पडले.

वेगवेगळ्या कंपन्यांना एकत्र सोडले तर खेळ अधिक रंगतो, असा एक समज आहे. तो आपण स्वखर्चाने तपासून पाहिला आहे. ग्रेटर नोएडात पाच किलोमीटरहून लांब बुद्ध सर्किट उभारले, २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वन आली, फेरारी, मर्सिडीज, मॅकलॅरेन सगळे आले. तिन्ही वर्षे सेबास्टियन व्हेटेल रेड बुलमध्ये बसून जिंकला. मग कराचे वाद झाले आणि ती मंडळी गेली. हाच निकाल एका कंपनीला बोलावून पुष्कळ स्वस्तात मिळाला असता.

म्हणून ही पद्धत मोटारींपुरती ठेवणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्राने त्या दिशेने स्वतंत्रपणे बरीच मजल मारली आहे, याचा अभिमान वाटतो. २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुका बिनविरोध कराव्यात म्हणून काही आमदारांनी गावांना विकासनिधी जाहीर केला होता. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्याने तर त्याही पुढे जाऊन सरपंचपदासाठी लिलाव केला आणि बोली दोन कोटींच्या वर गेली. म्हणजे शुल्क भरा, गाडी मिळेल, समोर दुसरा कोणी नसेल. राज्य निवडणूक आयोगाने ती निवडणूक रद्द केली. आयोगाचा हेतू चांगला असेल, पण मोटारशर्यतीचा त्याचा अभ्यास कमी पडला. एका रस्त्यासाठी एकच निविदा येते, तेव्हा ओरड करणाऱ्यांचेही तेच होते. कंत्राटदाराने तीन वेगळ्या नावांनी तीन निविदा भरण्याचे कष्ट घेतले, तर त्याच्याकडे एकाच मॉडेलच्या तीन गाड्या म्हणून आदराने पाहता येत नाही का?

एकच अडचण उरते, ती अंतराची. गाड्या चाकणच्या आणि ट्रॅक चेन्नईजवळ, कोइमतूरला, ग्रेटर नोएडाला. इतक्या दूर त्या नेण्याचे काही कारण नाही. चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी पाळी सुटण्याच्या वेळी जी रांग लागते, तिच्यात समतेचे तत्त्व कोणत्याही नियमपुस्तकाहून काटेकोरपणे पाळले जाते. तिथे २०५ अश्वशक्ती आणि ७५ अश्वशक्ती यांत फरक उरत नाही, कंपनीच्या ट्रेलरवरच्या कोऱ्या गाड्या आणि कामगारांची बस एकाच वेगाने चालतात, आणि कोणी कोणाच्या पुढे गेल्याची तक्रार नाही. पुढचा मोसम तिथेच घ्यावा. पंच नेमायचेच असतील तर वाहतूक पोलीस जागेवर हजर आहेत, आणि प्रेक्षकांसाठी वेगळी गॅलरी बांधायला नको. ते आधीच गाड्यांत बसलेले आहेत.