बातम्यांआधीचा गिटारवाला

सुरत–भुसावळ लोहमार्ग एकेरी होता, तेव्हा खांडबाऱ्याला थांबलेली पॅसेंजर कधी सुटेल, हे समोरून येणाऱ्या गाडीवर ठरायचं. ‘क्रॉसिंग आहे’ असं कळलं की उतारू निवांत खाली उतरत, चहा घेत, आणि टपरीवरचा रेडिओ ऐकत. गंमत म्हणजे रेडिओचा कारभारही एकेरी मार्गावरचाच होता. बातम्या म्हणजे मेलगाडी. तिला वाट देण्यासाठी गाणी आधीच थांबवायची आणि उरलेल्या दीड-दोन मिनिटांत एखादी गिटार सोडून द्यायची.

ही गिटार म्हणजे बहुधा हवाईयन. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून पोलादी कांडी सरकवायची. पडदे मोजत बसायला नको. सूर घरंगळत जातो, मींड आपोआप येते. म्हणून तर हवाई बेटांवरचं हे वाद्य हिंदी सिनेमाच्या गाण्यांना असं चपखल बसलं. लखनौचे व्हॅन शिप्ली, कोलकात्याचे सुनील गांगुली, कवी काझी नझरुल इस्लाम यांचे चिरंजीव काझी अनिरुद्ध अशांच्या तबकड्या त्या काळी घरोघरी फिरत. पुण्याचे इनॉक डॅनियल्स अ‍ॅकॉर्डियन घेऊन शिप्लींच्या जोडीला बसत. पण टपरीवर यातलं कुणाचंही नाव पोचायचं नाही. निवेदकाला सवड कुठली? धून अंतऱ्यापर्यंत येते न येते तोच दिल्लीहून गंभीर आवाज सुरू व्हायचा. आख्खी धून ऐकलेला माणूस मला खांडबाऱ्यात आजवर भेटलेला नाही.

तरी ती जेवढी वाजे, तेवढ्यात बाकावर वाद पेटत.

“हाई गानं कोनतं शे भो?”

एकजण मुकेश म्हणायचा, दुसरा रफी. एक आजोबा प्रत्येक धून भजनच आहे असं ठामपणे सांगत. त्यांना खोटं पाडायला शब्द हवेत, आणि शब्दच तर नव्हते! नवापूर तालुक्यातल्या या गावात मावची, भिली, गुजराती, अहिराणी, मराठी सगळं एकाच बाकावर बसतं. शायरांची उर्दू तिथे निम्म्यांच्या डोक्यावरून जायची. गिटारीपुढे मात्र सगळे सारखेच अडाणी आणि सारखेच जाणकार. इथल्या लग्नांतही बेंजोवर धून सुरू झाली की शब्दांची चौकशी कुणी करत नाही, पाय आधी उठतात.

मला वाटतं, ही बिनशब्दांची कला रिकाम्या वेळेतच फुलते. तिकडे अमेरिकेत मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीत स्टीव्ह क्रॉपर नावाचा गिटारवादक ओटिस रेडिंगसारख्या गायकांच्या पाठीशी वाजवत असे. 1962 साली एका गायकासाठी जमलेल्या त्याला आणि त्याच्या साथीदारांना मधे फावला वेळ मिळाला, म्हणून ते आपलं आपण वाजवत बसले. त्याच बैठकीतून ‘ग्रीन अनियन्स’ ही बिनशब्दांची धून निघाली आणि जगभर गाजली. गायक कामात गुंतला असता, तर ती झालीच नसती.

आता मार्ग दुहेरी झाला. क्रॉसिंगसाठी खोळंबा नाही, आणि रेडिओवर दीड मिनिट रिकामं सापडलं तर तिथे जाहिरात धावत येते. वाद्यसंगीताला हक्काची जागा उरली आहे ती फक्त ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ या वाक्याच्या पुढेमागे. तिथे वाजतं ते ऐकून माणसाची मूळ तक्रार दुप्पट होते. त्या जागी शिप्लींची गिटार लावून पाहावी. निम्मे ग्राहक कोणतं गाणं, यावर घरच्यांशी भांडत बसतील आणि उरलेले, फोन उचलला गेलाच तर, पलीकडच्या ताईंना विनवतील, “जरा थांबा हो, अंतरा येऊ द्या!”