गाळा कसा घ्यावा : एका भिडस्ताचे मार्गदर्शन

पुण्यात अप्पा बळवंत चौकापासून चालत पाच मिनिटांवर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानासाठी भाड्याने गाळा घेऊ पाहणाऱ्या होतकरूंना चार शब्द सांगण्याचा माझा अधिकार मोठा आहे. आजवर हजारभर भाडेकरार माझ्या हातांखालून गेले असतील. दोन रुपये पान. मात्र मशीनवर कागद पालथा ठेवावा लागतो, त्यामुळे वाचायचं तेवढं राहून गेलं. पुढील नियम या व्यासंगातून सिद्ध झाले आहेत.

नियम पहिला. गाळा डोळ्यांनी पाहू नये, टेपने पाहावा.

एजंट म्हणतो, ‘अडीचशे फूट आहे साहेब.’ तो खोटं बोलत नाही. अडीचशे फूट कुठेतरी असतंच; गाळ्यातच असेल असं त्याने म्हटलेलं नसतं. त्यात जिना असतो, बोळ असतो, भिंतींची जाडी असते आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाची सायकल जिथे उभी राहते ती जागाही असते. या सर्व चराचराला सुपर बिल्ट-अप म्हणतात. भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप लावल्यावर जे उरतं ते कार्पेट. माझ्या गाळ्यात ते 162 फूट उरलं, आणि त्यातही मधोमध एक खांब आहे. महिन्याचे 25,000 म्हणजे शंभर रुपये फूट, असं समजून मी खुशीत होतो. प्रत्यक्षात तो दर 154 रुपये पडतो. टेप मी करार झाल्यावर लावली, काउंटर आत जाईना म्हणून.

टेप गुंडाळली की लाइटचं मीटर पाहावं : व्यावसायिक आहे का, कोणाच्या नावावर आहे, मागची थकबाकी किती. नळ सोडून पाहावा. आणि जमल्यास गाळा पावसाळ्यात पाहावा. उन्हाळ्यात सगळेच गाळे कोरडे असतात.

नियम दुसरा. एजंटचा ‘शेवटचा आकडा’ हा पहिला आकडा समजावा.

नियम तिसरा. करार नोंदवावाच.

‘अकरा महिन्यांचा करू, म्हणजे नोंदणीची भानगड नको,’ असं सांगणारे तज्ज्ञ प्रत्येक चहाच्या टपरीवर भेटतात. महाराष्ट्रात हे चालत नाही. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झालाच तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. कायद्याने भाडेकरूच्या शब्दाला एवढा मान दिला आहे हे कळल्यावर माझे डोळे भरून आले होते. घरात तो मिळत नाही.

खर्चाचा हिशेबही सोपा आहे. तीन वर्षांचं एकूण भाडं घ्यावं, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के धरून मिळवावेत आणि बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क भरावं. माझ्या कराराचे असे अडीच हजारांच्या आत झाले. शहरात नोंदणी फी हजार रुपये. एजंटने ‘सगळं मिळून नऊ हजार’ सांगितले आणि मी दिले. ‘सगळं’ या शब्दात काय काय येतं, हे विचारायची मला भीड पडली.

नोंदणी आता गाळ्यात बसूनही होते. मुलगा मशीन घेऊन येतो आणि अंगठे घेतो. आमचे गाळामालक, ज्यांना अख्खी गल्ली नाना म्हणते, त्यांचा अंगठा काही केल्या उमटेना. मुलाने तो पुसला, नानांनी धोतराला घासला, मी खोबरेल आणलं. ‘अंगठ्याच्या रेषा झिजल्यात आजोबा,’ मुलगा म्हणाला. ‘तुमच्या वयाचा होतो तेव्हा ठळक होत्या,’ नाना म्हणाले. शेवटी तर्जनी चालली. त्या अर्ध्या तासात त्यांचा हात धरून बसल्यावर, करारातल्या चौदा पानांविषयी प्रश्न कोण विचारणार?

नियम चौथा. आपण कोण आहोत हे समजून घ्यावं.

कराराचं नाव लिव्ह अँड लायसन्स. म्हणजे मी भाडेकरू नव्हे, परवानाधारक. गाळ्याचा ताबा कायद्याच्या दृष्टीने नानांकडेच. मला आत बसायची परवानगी आहे इतकंच. ताबा त्यांचा, गळती माझी.

नियम पाचवा. टक्क्यांशी दोस्ती करावी.

‘दरवर्षी पाच टक्के’ ऐकायला फार सोज्ज्वळ वाटतं. 25,000 चे दुसऱ्या वर्षी 26,250 होतात, तिसऱ्या वर्षी 27,562 रुपये 50 पैसे. त्याऐवजी ‘तीन वर्षं भाडं स्थिर, मग एकदम पंधरा टक्के’ मागावं. चौथ्या वर्षी दोन्ही आकडे जवळपास एकाच ठिकाणी पोचतात, पण मधल्या दोन वर्षांत 45,750 रुपये तुमच्या खिशात राहतात. हे गणित मी करार झाल्यावर एका पाठकोऱ्या कागदावर केलं. तो कागद जपून ठेवला आहे.

टक्क्यांबद्दल बोलताना शेजारच्या घड्याळजींचा विचार मनात आणू नये. ते वडिलांच्या काळापासून पागडीने आहेत. एके काळी पागडी घेणं गुन्हा होता; 1999 च्या कायद्याने ती राजरोस झाली. त्यांचं भाडं महिना 150 रुपये, आणि त्याच कायद्याने जुन्या भाड्याला वर्षाला चार टक्के वाढ. म्हणजे सहा रुपये. माझी पहिली वाढ 1,250 रुपये. आमच्या दोघांच्यात वीटभर जाडीची एक भिंत आहे. त्यांच्या बाजूने टिकटिक ऐकू येते. माझ्या बाजूने काय ऐकू जातं ते मी विचारलेलं नाही.

नियम सहावा. लॉक-इन दोघांना सारखा असावा.

बऱ्याच करारांत गाळेवाल्याने वर्षभर हलायचं नाही आणि मालकाने मात्र महिन्याची नोटीस देऊन उठवायचं, असं असतं. फर्निचरवर दोन लाख घालणाऱ्याला तिसऱ्या महिन्यात उठवलं तर ते फर्निचर घरच्या दिवाणखान्यात शोभत नाही. मालकालाही तेवढंच बांधून घ्यावं.

नियम सातवा. जीएसटी.

भाड्यावर 18 टक्के, म्हणजे 25,000 वर 4,500. मालकाची नोंदणी नसेल आणि तुमची असेल, तर ऑक्टोबर 2024 पासून तो कर तुम्हीच परस्पर सरकारला भरायचा. त्यातल्या सवलती सीएला विचाराव्यात. मी विचारल्या होत्या. त्याने समजावून सांगितलं, मी मान हलवली.

नियम आठवा. डिपॉझिट देताना परत कधी मिळणार ते लिहून घ्यावं.

किल्ली देईन त्याच दिवशी, असं. पहिल्याच दिवशी गाळ्याचे फोटोही काढून ठेवावेत, नाहीतर आधीच्या भाडेकरूचे खिळे तुमच्या नावावर चढतात.

नियम नववा. घासाघीस कशी करावी हे काकूंकडून शिकावं.

पलीकडच्या गाळ्यात काकूंचं पोळी-भाजी केंद्र आहे. मालक तेच नाना. काकू गाळा पाहायला आल्या तेव्हा त्यांनी आधी आजूबाजूच्या पाच दुकानांत जाऊन भाडी विचारली होती. नानांनी आकडा सांगितला. काकूंनी नापसंती दाखवली नाही, हसल्या नाहीत, पर्समधून रुमाल काढून घाम टिपला आणि गप्प बसल्या. नुसत्या गप्प. मिनिटभराने नानांनी स्वतःच दोन हजार उतरवले. मग काकूंनी एकेक गोष्ट जमिनीवर ठेवावी तशी ठेवली : ओटा आणि एक्झॉस्ट बसवायला पहिला महिना बिनभाड्याचा, पाटी लावायची परवानगी लेखी, पाणीगळती मालकाकडे. सगळं मान्य झालं आणि वर नाना म्हणाले, ‘बाई व्यवहाराला चोख आहेत.’

मी हाच प्रयोग केला. गप्प बसलो. पण मला शांतता सोसवत नाही. दहाव्या सेकंदाला मी म्हणालो, ‘तुम्ही म्हणाल तसं.’ काकूंना हे कळल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, ‘भीड ही भिकेची बहीण असते, भाऊ.’ आणि दोन पोळ्या जास्त दिल्या.

आता माझ्याही बाजूने थोडं ऐका. 2020 च्या लॉकडाउनमध्ये शटर अडीच महिने बंद होतं. भाडं माफ करण्याचं कलम तेव्हाच्या करारातही नव्हतं. नानांचा फोन आला. ‘मशीनला उंदीर लागतील, अधूनमधून चालू करत जा. आणि दोन महिन्यांचं राहू द्या.’ फोन ठेवला. त्यांना पेन्शन नाही, घर गाळ्यांवरच चालतं. हे कुठल्या कलमात बसवायचं? तेव्हापासून पोटमाळ्यावर पाणी गळलं की मी बादली ठेवतो.

नियम दहावा आणि शेवटचा. करार वाचावा.

मागच्या आठवड्यात नाना दुकानात आले. करार संपत आला होता, नवा करायचा होता आणि त्यांची प्रत सापडत नव्हती. माझी काढली. चौदा पानं. सातव्या पानावर मशीनमध्ये कागद अडकला. तो ओढून सरळ करताना पहिल्यांदाच माझ्याकडे तोंड करून आला. कलम अकरा : गाळ्याचा मिळकत कर मालक भरेल.

तीन वर्षं तो मी भरतोय. या कराराच्या पहिल्या वर्षी महापालिकेचं बिल शटरखालून आत आलं होतं, मी भरलं, आणि तीच रीत पडली. नाना काउंटरला टेकून उभे होते, चष्मा कपाळावर. हिशेब तोंडाशी आला. मी काकूंची आठवण करून गप्प बसलो. दहा सेकंद गेले. वीस गेले. नानांनी माझ्याकडे पाहिलं.

‘किती झाले?’

‘अठ्ठावीस,’ मी म्हणालो. ‘पण राहू द्या.’

नानांनी प्रती पिशवीत घातल्या, दारापर्यंत गेले आणि वळले. ‘नव्या करारात पाच टक्के धरलेत बरं का,’ म्हणाले. ‘तुम्ही काय, आपलेच.’