बुवा शून्य अँपिअरवर गातात

मालवणातल्या माझ्या मेव्हण्याच्या फायबरच्या बोटीवर दोन बॅटऱ्या आहेत, दोन्ही 12 व्होल्टच्या. घरात त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतात. थोरलीचं काम एवढंच, की पहाटे इंजिनाला सेल्फ मारायचा. मग दिवसभर तिला कुणी उठवत नाही. जीपीएस, फिश फाइंडर, वायरलेस, दिवे, खलाशांचे मोबाइल आणि भजनाचा स्पीकर हे सगळं लटांबर धाकटीच्या गळ्यात. मान मात्र थोरलीचा. "सेल्फाक 200 अँपिअर लागतत, भावजी!" असं मेव्हणा छाती पुढे काढून सांगतो. लागतात खरे, पण पाचेक सेकंद. हिशेब मांडला तर पाव अँपिअर-तासाच्या थोडं वर जातं. स्पीकर 4 अँपिअर खात सहा तास बसला, की 24 अँपिअर-तास गेले. त्याचं कौतुक कुणी करत नाही.

भर समुद्रात उतरते ती अर्थातच धाकटी. तिच्यात किती उरलंय हे ओळखायच्या बोटीवरच्या पद्धती पिढीजात आहेत. दिवा पिवळा पडला का ते बघायचं, नाहीतर दोन वायरी एकमेकींना टेकवून ठिणगीचा रंग बघायचा. व्होल्टमीटर होता, पण तो तोंडदेखलं बोलणारा. इंजिन नुकतंच बंद केलं की ऐटीत 13 दाखवणार, चार दिवे लावले की मान टाकणार. खरा आकडा हवा तर बॅटरीला काही तास कुणी हात लावता कामा नये. इतकी विश्रांती मिळाली, तरी भरलेली 12.7 आणि अर्धी रिकामी 12.2. अर्ध्या व्होल्टात अर्धी बॅटरी संपते, आणि आमच्या मीटरचा काटा इंजिनाच्या थरथरीनेच तेवढा हलतो.

म्हणून बॅटरी मॉनिटर आणला. जून-जुलैची मासेमारीबंदी होती, बोट वर ओढून निळ्या ताडपत्रीखाली ठेवलेली, आणि मेव्हण्याला घरात कुणी विचारत नव्हतं. मॉनिटर म्हणजे एक छोटा गोल पडदा आणि एक शंट. शंट हा पितळी ठोकळ्यांमधला धातूचा पट्टा. त्यातून 500 अँपिअर गेले तर त्याच्या दोन टोकांत 50 मिलिव्होल्ट पडतात, 10 अँपिअर गेले तर 1. एवढ्याशा फरकावरून यंत्र बॅटरीत किती आलं आणि किती गेलं ते मोजत बसतं. अट एकच. धाकटीच्या निगेटिव्हला शंटची केबल सोडून दुसरी एकही वायर लागता कामा नये. थोरलीची निगेटिव्हसुद्धा शंटच्या पलीकडल्या बाजूला यायची.

इथेच घोडं पेंड खातं. आपल्याकडे वायरमनचा सगळा आदर लाल वायरीला. तिला फ्यूज, तिला स्विच, तिला टेप. काळी वायर जो बोल्ट जवळ दिसेल त्याला आवळायची आणि चहा प्यायला जायचं. वायरमनने शंट झकास बसवला, थिंबलं दाबली, वरून व्हॅसलीनही लावलं. पडद्यावर आलं 100 टक्के, 0.0 अँपिअर. सगळे खूश. तेवढ्यात एका खलाशाने स्पीकर लावला. डबलबारी सुरू झाली, दोन्ही बुवा इरेला पेटले, पखवाज तापला, ताडपत्री हलायला लागली, आणि पडद्यावर तेच, 0.0.

मेव्हण्याने पडद्याकडे बघितलं, मग स्पीकरकडे. "म्हणजे बुवा फुकट गातत?"

स्पीकरची काळी वायर चिमट्याने थेट धाकटीच्या निगेटिव्हला लावलेली होती. तिच्या शेजारी मोबाइलच्या चार्जरचा चिमटा, आणि त्याच्याही खाली, जुन्या हिरव्या गंजात रुतलेली, देव्हाऱ्यातल्या दिव्यांच्या माळेची काळी वायर. पहिल्या दोन तिथल्या तिथे काढल्या. तिसरीपाशी पाना थांबला.

"ती ऱ्हवांदे," तांडेल म्हणाला. "देवाचो खर्च कोण मोजता?"

यावर ताडपत्रीखाली बरीच चर्चा झाली. माळ 0.3 अँपिअर खाते. दिवसरात्र चालली तर सात अँपिअर-तास, म्हणजे थोरलीचे पंचवीसेक सेल्फ. मी हे सांगितलं आणि तांडेलाने माझ्याकडे असं बघितलं, की मी पुढचे आकडे गिळले. अखेर वायरमनने पावसाची सर जोरात आल्याचा फायदा घेऊन ती वायर वीतभर पलीकडे, शंटच्या दुसऱ्या बोल्टवर नेली. "देवाची लाल वायर तशीच हा," त्याने जाहीर केलं, "काळी तेवढी सरकवलंय." लाल शाबूत आहे म्हटल्यावर तांडेलाचंही समाधान झालं.

मग यंत्राने धाकटीची क्षमता विचारली. स्टिकरवर 100 अँपिअर-तास होतं, पण तेही 20 तास सावकाश, 5-5 अँपिअर घेतले तरच. भराभर ओढलं की कमी मिळतं, हे पॉयकर्ट नावाच्या जर्मन माणसाने 1897 सालीच मांडून ठेवलंय. त्यात ही बॅटरी जुनी. मी 80 भरू या म्हटलं. मेव्हणा 100 वर अडून बसला. "तिका काय वाटात?"

शेवटी राहिली थोरली. तिला शंट लागत नाही. तिच्या पॉझिटिव्हवरून एक बारीक वायर, जवळच 1 अँपिअरचा फ्यूज, की तिचे व्होल्ट त्याच पडद्यावर दिसतात. मेव्हण्याने ती वायर दोन बोटांत धरून पाहिली. "धाकटीक एवढो मोठो शंट, आणि थोरलीक ही सुतळी?" मी मिलिअँपिअर समजावले. ते त्याने ऐकून घेतले आणि बाजारातून सेल्फाची अंगठ्याएवढी जाड केबल घेऊन आला. तिच्या टोकाला तो चिमुकला फ्यूज कसा बसवायचा, यावर त्याचं आणि वायरमनचं अजून चाललंय.