बदलापूर ते बर दुबई

आखाती देशांतल्या भारतीय शाळांत वर्षानुवर्षे हिंदी शिकवणाऱ्या शिक्षिकांमध्ये उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातून गेलेल्या बाईंचा एक स्वतंत्र वर्ग मानायला हरकत नाही. नोकरी एकीकडे आणि बिऱ्हाड दुसरीकडे, ही परदेशस्थाची मुख्य अडचण. बदलापूरकरांना तिचं काही वाटत नाही, कारण सीएसएमटी तिथून सुमारे ६८ किलोमीटरवर आहे आणि गावात ते फक्त झोपायलाच येतात. मुंबईहून दुबईचं विमान तीनेक तासांत पोचतं. पावसाळ्यात बदलापूरहून विमानतळ गाठायला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. शिवाय विमानात लोकलसारखं ‘जरा सरकून घ्या’ म्हणत चौथ्या सीटवर कोणी टेकत नाही.

या वर्गाची हिंदी तीन ठिकाणी घडते. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वस्ती झाली, १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर असं नामकरण झालं. तिथल्या मराठी मुलीची हिंदी कापडाच्या दुकानात, भाव पाडता पाडता तयार होते. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत निम्मा देश शेजारी राहत असल्याने ती जिन्यावरच येते. बदलापूरची हिंदी लोकलच्या दारात तयार होते आणि बरीचशी आज्ञार्थी असते. तिन्ही व्याकरणात बसत नाहीत. बसवायचं काम बी.एड. करतं.

तिकडे पदवी एकट्या विद्यापीठाच्या शिक्क्यावर चालत नाही. कागदपत्रं परदेशी चालावीत म्हणून झालेल्या अपोस्टिल करारात भारत २००५ पासून आहे, पण दुबई जिच्यात मोडते ती संयुक्त अरब अमिराती त्यात नाही. त्यामुळे प्रमाणपत्र आधी राज्य सरकारकडे, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाकडे, मग अमिरातीच्या वकिलातीत आणि शेवटी तिकडच्या मंत्रालयात जातं. बाईंच्या आधी त्यांच्या पदवीचाच प्रवास होतो.

सामानाचा प्रश्न त्याहून नाजूक. अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते. दिवाळीच्या सुमाराला आई डब्यात मायेने अनारसे भरते, आणि ते वरून पांढरेशुभ्र दिसतात ते खसखशीनेच. अनारसे विमानतळावर पकडले गेले तर मायेचा पुरावा ग्राह्य धरला जात नाही. जाणत्या बाई चकली नेतात.

वर्गात मल्याळी, तमिळ, गुजराती मुलं असतात. त्यांना घरी मातृभाषा, शाळेत इंग्रजी आणि तिथल्या नियमाने अरबीही. हिंदीचा नंबर बराच मागे, आणि तीही त्यांना सिनेमामुळे आपल्याला येतेच असं वाटत असतं. रेलगाडी स्त्रीलिंगी का, असं कोणी विचारलंच तर ‘परीक्षेत तसंच लिहायचं’ हे शास्त्रशुद्ध उत्तर आहे. संध्याकाळी बर दुबईच्या कापडबाजारात मात्र उल्हासनगरच्या बाई खुलतात. तिथले जुने व्यापारी सिंधी. समुद्र ओलांडून माणूस उल्हासनगरच्या कॅम्प नंबर दोनच्या दुकानात उभा राहतो, फक्त दर दिरहममध्ये.

मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये पडते. इकडे शाळा जूनमध्येच भरलेल्या. भाचरं वर्गात, बहीण ऑफिसात, आंबे संपलेले आणि बदलापूरची जांभळंही गेलेली. उरतो पाऊस. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली. तेव्हा सुट्टीवर आलेल्यांना पुढलं वर्षभर स्टाफरूममध्ये बोलायची चिंता राहिली नाही.

नोकरी संपल्यावर पेन्शन नाही. अमिरातीच्या कायद्याने पहिल्या ५ वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा आणि त्यापुढे ३० दिवसांचा मूळ पगार ग्रॅच्युइटी म्हणून मिळतो. २० वर्षांचे ५५५ दिवस होतात. आकडा भरघोस वाटतो. पण पगारपत्रकात भत्ते जाडजूड आणि मूळ पगार किरकोळ ठेवण्याची कला मालकमंडळींना अवगत असते. जे हाती लागतं त्यातून बदलापुरात फ्लॅट घेतला जातो, जाहिरातीप्रमाणे स्टेशनपासून पाच मिनिटांवर. ही पाच मिनिटं बिल्डरच्या गाडीने, रविवारी पहाटे मोजलेली असतात.