शेवटचे दोन हात हवेत कशाला?

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं, असं केंद्र सरकारनं 2011 मध्ये ठरवलं. 2015 मध्ये योजनेचं नाव भारतनेट झालं. रस्त्याकडेनं चर खणले, केबल पुरली. एवढं करून राउटरपासून दोन हातांवरचा लॅपटॉप मात्र वाय-फायवर!

का?

सेलू तालुक्यातला देवगाव फाटा घ्या, नाहीतर कुठलाही फाटा. पीकविम्याची शेवटची तारीख, अर्ज भरणाऱ्या सेवा केंद्रासमोर रांग, पडद्यावर गोल फिरणारं चक्र. शिव्या कुणाला? जुन्या लॅपटॉपवर टाकलेल्या लिनक्सला. विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणून तर लिनक्स. मग नव्या लॅपटॉपचे पैसे शिव्या देणारे भरणार आहेत का?

लिनक्सचा हिशेब सरळ आहे. त्यातली जोडण्या सांभाळणारी प्रणाली, नेटवर्कमॅनेजर, वायरच्या वाटेला 100 आकडा देते, वाय-फायला 600. लहान आकडा आधी. दोन्ही जोडलेलं असेल तर मान वायरचा.

गोम इथेच आहे. मोबाइल यूएसबीनं जोडून नेट घेतलं, तर लिनक्स त्यालाही वायरच समजतो. शेजारी वाय-फाय चालू, आणि जळतो तो मोबाइलचा डेटा. कळतं कधी? पॅक संपल्यावर.

म्हणून आधी टर्मिनल उघडा आणि 'एनएमसीएलआय डिव्हाइस स्टेटस' ही आज्ञा द्या. काय जोडलंय, काय तुटलंय, सगळं समोर येतं. नको ते कनेक्शन बंद करा. आज्ञा नको वाटत असतील, तर कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या चिन्हावर टिचकी मारा. पण बघा तरी! न बघता लॅपटॉप पुन्हा पुन्हा बंद-चालू करणं ही दुरुस्ती नव्हे.

यादीत वाय-फायच नाही? बहुधा फर्मवेअर नाही. डेबियन लिनक्सवाल्यांना हा जाच वर्षानुवर्षं होता. वाय-फाय चालवायला फाइल हवी, आणि फाइल आणायला नेट! जून 2023 च्या डेबियन 12 पासून ती फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच येते. तोवर अडलेल्यांना तारलं कुणी?

वायरनंच.

लॅन केबल 100 मीटरपर्यंत चालते, तुम्हाला दोन मीटर पुरे. लॅपटॉपला खाच नसेल तर यूएसबीचा अडॅप्टर मिळतो. केंद्रचालकांनो, पुढची शेवटची तारीख यायच्या आत ती केबल जोडा. रांगेतल्या माणसानं त्या दिवसाची मजुरी बुडवलेली असते.