ओझ्याची क्रियापदं

तुर्भे सोडलं की रूळ दोन वाटांनी जातात. ठाण्याहून आलेली एक गाडी सानपाड्यावरून वाशीला वळते, दुसरी जुईनगर, नेरूळ करत पनवेलकडे. त्यामुळे या फलाटावर अनोळखी माणसं एकमेकांशी जे पहिलं वाक्य बोलतात ते प्रश्नार्थकच असतं. कॉलेजातली पोरं तो प्रश्न हल्ली इंग्रजीत टाकतात : ‘धिस ट्रेन मे गो पनवेल?’ व्याकरण शिकवणारे इथे ‘विल’ सुचवतील, वाक्य उलटं फिरवायलाही सांगतील. मला मात्र तो ‘मे’ आवडतो. गाडी प्रत्यक्ष वळण घेईपर्यंत तुर्भेकर कुणालाच शब्द देत नाही.

कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट. शाळेत यांना मोडल ऑक्झिलरी म्हणतात. वाक्यातून हुडकायचं आणि पुढे परवानगी, शक्यता, कर्तव्य यांपैकी काहीतरी लिहायचं, की मार्क पदरात. पण जरा थांबून पाहिलं तर ही मंडळी मोठी विरक्त आहेत. बाकीच्या क्रियापदांना ‘ही’ आणि ‘शी’समोर एस लागतो, यांना नाही. आयएनजी हे लावून घेत नाहीत, टू यांना खपत नाही. स्वतःचं म्हणून काही काम नाही. दुसऱ्या क्रियापदाचं ओझं डोक्यावर घ्यायचं आणि वाक्याच्या पलीकडच्या टोकाला नेऊन उतरवायचं. मसाला मार्केटावरून येणाऱ्या वाऱ्यात मिरचीनं शिंकत शिंकत राहणाऱ्या माणसाला इथे माथाडी आठवणारच.

यांच्यातल्या ‘कुड’ची गोष्ट मला फार लोभस वाटते. वुड आणि शुड यांच्या पोटात जो एल आहे तो वडिलोपार्जित, विल आणि शॅलकडून आलेला. कुडचं घराणं कॅनचं. तिथे एल कुठून येणार? पण पाचेकशे वर्षांपूर्वी दोन्ही शेजाऱ्यांकडे बघून यानंही एक घेतला. बोलताना तो कुणाच्या तोंडी येत नाही. नुसता स्पेलिंगमध्ये बसून असतो, आणि जगभरची मुलं त्याच्यापायी शुद्धलेखनाचा अर्धा मार्क गमावतात.

शॅल आणि विल यांच्यात मात्र सरळ भाऊबंदकी. जॉन वॉलिस नावाच्या गणितज्ञानं 1653 साली इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, तेही लॅटिनमध्ये, आणि त्यात या दोघांची रीतसर वाटणी करून दिली. ‘आय’बरोबर शॅल आला तर साधं भविष्य, विल आला तर वचन किंवा धमकी, ‘यू’ आणि ‘ही’बरोबर सगळं उलट. याच वॉलिसनं पुढे 1655 मध्ये अनंतासाठी आडव्या आठासारखं चिन्ह वापरलं. अनंत त्याच्या चिन्हात निमूट बसला, शॅल-विल काही बसले नाहीत. आपल्याकडच्या पिढ्यांनी ही वाटणी रेन आणि मार्टिनच्या पुस्तकातून घोकली, आणि जुने मास्तर तिच्या जोडीला बुडणाऱ्या माणसाचा किस्सा सांगत. तो बिचारा ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी’ असं ओरडला, आणि काठावरच्या व्याकरणशुद्ध सज्जनांनी त्याच्या निर्धाराचा मान राखून हॅट काढल्या.

बोलण्यातून हद्दपार होत आलेला शॅल कायद्यात जाऊन राहिला आहे. तिथे त्याचा दरारा. शॅल म्हणजे केलंच पाहिजे, मे म्हणजे करता येईल. अण्णासाहेब पाटलांनी ज्याच्यासाठी मुंबईतल्या पाठीवर-डोक्यावर ओझी वाहणाऱ्यांना एकत्र केलं, तो माथाडी कायदा 1969 चा. त्याच्या इंग्रजी मजकुरात या कामगारांसाठी योजना करण्याची गोष्ट येते तिथे सरकारपुढे ‘मे’ उभा आहे. इतकी वर्षं लढायचं आणि हाती यायचा एक ‘मे’! अर्थात शॅल मिळाला असता तरी निर्धास्त व्हायला नको. राज्यघटनेच्या 320 व्या कलमात चांगला ठसठशीत शॅल आहे. सर्वोच्च न्यायालयानं 1957 साली मनबोधनलाल श्रीवास्तव यांच्या खटल्यात तो बंधनकारक नसल्याचं सांगितलं. आणि इकडे त्या लेच्यापेच्या ‘मे’च्या आधारावर योजना झाल्या, माथाडी मंडळं उभी राहिली, लेव्ही आली, भविष्यनिर्वाह निधी आला. शब्दांचंही माणसांसारखंच, अंगकाठीवरून ताकद ओळखता येत नाही.

इथल्या एका चाळवजा इमारतीत संध्याकाळी इंग्रजी बोलायचा वर्ग चालतो. कॉल सेंटरच्या मुलाखतीला निघालेल्या मुली, एमआयडीसीतले सुपरवायझर, आणि त्यांच्यात मागच्या बाकावर एक पन्नाशीचे माथाडी काका. ओळखीच्या मॅडम शिकवतात म्हणून मी कधीमधी जाऊन बसतो. मुलींना ‘वुड यू लाइक टू’ भारी आवडतं. एकमेकींना पाण्याची बाटलीसुद्धा त्या वुडशिवाय देत नाहीत. सुपरवायझरांचं सगळं मस्टवर भागतं. कंपनीच्या गेटवरच ‘हेल्मेट इज मस्ट’ लिहिलेलं असतं, त्यामुळे तो शब्द त्यांना घरचाच. काकांना मॅडमनी ‘माइट’ वापरून वाक्य करायला सांगितलं. काका उठले, शर्ट खाली ओढला आणि म्हणाले, “माय सन माइट बिकम इंजिनियर.”

वाक्य चोख होतं. मॅडम खूश झाल्या. काका मात्र खाली बसेनात. “मॅडम, यात जोर कमी पडतोय. मस्ट पण घाला ना. माइट मस्ट बिकम.”

मॅडमनी समजावलं, की दोन मोडल शेजारी शेजारी चालत नाहीत. (स्कॉटलंडात आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडे लोक खुशाल ‘माइट कुड’ म्हणतात, पण वर्गात हे बोलायची माझी प्राज्ञा नव्हती.) काकांना ते पटेना. आपण नाही का म्हणत, ‘होईलच, बहुतेक’? ‘च’ची खात्री आणि ‘बहुतेक’ची धाकधूक एका श्वासात मावते, कुणी अडवत नाही.

“एकच ठेवा काका,” मॅडम म्हणाल्या, “माइट किंवा विल.”

काकांनी वहीत मधली जागा कोरी सोडली. “मग असू द्या. बारावीचा निकाल लागला की भरतो.”